अंगण पाण्याखाली गेल्यावर

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई
यांचे सेवेशी,



उत्तर रत्नागिरीतील एका तालुक्यात आपल्या खात्याची मुख्यसेविका म्हणून मी २८ वर्षे चाकरी केली, आणि त्या २८ वर्षांतील प्रत्येक पावसाळा माझ्या बीटमधील २३ अंगणवाड्यांच्या वाटा तुडवण्यात, वहाळाचे पाणी उतरण्याची वाट पाहण्यात आणि ओली छत्री बाहेर टेकवून कोणत्या ना कोणत्या चौकटीत उभे राहून आतली मुले न्याहाळण्यात गेला. आता माझ्यापाशी शिक्का नाही, दप्तर नाही आणि कोणास ताकीद देण्याचा अधिकारही नाही; तरीपण जी गोष्ट सेवेत असताना तीन वेळा लेखी कळवूनही ‘नोंद घेतली’ एवढ्याच शेऱ्यानिशी फायलीत विसावली, ती आपणांपुढे उघड पत्राने मांडावी असे मनाने घेतले आहे. उघड पत्राने अशासाठी, की या गोष्टीत जितका संबंध आपल्या खात्याचा आहे तितकाच मुलाला सकाळी इरल्याखाली घेऊन अंगणवाडीच्या दाराशी सोडणाऱ्या आईचा, खोलीत लाद्या बसवणाऱ्या ठेकेदाराचा आणि ‘जागाच कुठे आहे’ म्हणून हताश होणाऱ्या सेविकेचाही आहे. माझे मागणे अल्प आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अंगणवाडीतल्या मुलांना त्याच चार भिंतींत, रोज, एकमेकांच्या हातात हात घालून अंगमेहनतीचे खेळ खेळता यावेत, आणि हे खेळणे खात्याच्या लेखी कामकाज म्हणून धरले जावे.

अंगणवाडी हे नाव कसे आले ते आपणांस ठाऊक असेलच, तरी या प्रसंगी त्याचे स्मरण करून देणे मला अगत्याचे वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि आदिवासी पाड्यांवरची मुले आपण होऊन शाळेच्या पायरीपर्यंत येत नाहीत असे दिसून येताच त्या दोघींनी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, चिंचोके, गारगोट्या, पाने आणि माती एवढाच त्या शाळेचा सरंजाम होता. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हाच शब्द साऱ्या देशाने घेतला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. परंतु ज्या अंगणावरून हे नाव पडले ते अंगण आमच्याकडे मृग लागला की दिसेनासे होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळाच्या सगळा या चार महिन्यांत पडतो. जांभ्या दगडावर शेवाळ धरते, पागोळ्यांखाली खळगे पडतात, वाट कोणती नि वहाळ कोणता हे मोठ्यांनाही समजत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाला त्या अंगणात सोडावे असे कोणतीही शहाणी सेविका म्हणणार नाही.

मग मुले आत बसतात. बारा फूट बाय सोळा फूट अशी ती खोली. तिच्या एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि खिचडीचे पातेले, दुसऱ्या कोपऱ्यात नोंदवह्यांचे लोखंडी कपाट, तुळईला टांगलेला वजनकाटा, भिंतीला टेकून तांदळाच्या गोणी, आणि उरल्या जागेत बस्करांच्या दोन रांगांवर बावीस मुले. हाताची घडी, तोंडावर बोट. तासाभराने बडबडगीत, मग पुन्हा घडी. दुपारी खिचडी. ऑगस्टमधल्या एका आठवड्यात मी सलग पाच अंगणवाड्यांत घड्याळ लावून बसले, आणि चार तासांच्या कामकाजात मुले आपल्या पायांवर उभी राहून हालली अशी मिनिटे मोजली. सर्वांत बऱ्या अंगणवाडीत ती अकरा भरली, आणि त्या अकरांत मोरीकडे जाण्या-येण्याचीही धरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचालीत घालवावी आणि त्यांतली किमान ६० मिनिटे तरी चांगल्या जोराच्या हालचालीची असावीत, असे म्हटले आहे. मुलाच्या दिवसाचा सर्वांत टवटवीत भाग आपल्या ताब्यात असतो. त्या भागात आपण त्याला अकरा मिनिटे देतो. येथे मी सेविकेला दोष देत नाही. तिच्या मागे हजेरी, वजन-उंची, लसीकरणाची यादी, घरभेटी, गरोदर मातांच्या नोंदी आणि मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर असा ससेमिरा असतो, आणि या साऱ्यांत मूल किती खेळले हे विचारणारा एकही रकाना तिला कधी कोणी दिलेला नाही.

आमच्या भागातील आणखी एक गोष्ट आपल्या कानी घातली पाहिजे, कारण मंत्रालयातून ती दिसणे कठीण आहे. आमच्याकडील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात, मुलेबाळे बरोबर नेतात, आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे वाडीवर परततात. म्हणजे ज्या मुलाला अंगणवाडीची गरज सर्वांत मोठी, त्याच्या वाट्याला अंगणवाडी येते ती याच चार महिन्यांत. हिवाळ्यातले ऊन, फेब्रुवारीतले कोरडे अंगण, आमराईतला खेळ यांतले त्याला काहीच मिळत नाही. त्याच्या आयुष्यातली सगळी अंगणवाडी छपराखालची असते. पावसाळा हा अडचणीचा काळ आहे, तो कसाबसा निभावून न्यावा, असे आपण म्हणतो तेव्हा या मुलाचे संपूर्ण पूर्वप्राथमिक शिक्षणच आपण निभावून नेत असतो.

खोली लहान आहे, ती खेळायला पुरायची कशी, हा आक्षेप मी इतक्या तोंडून ऐकला आहे की त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल. हे उत्तर मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नाही. ते माझ्या आजीच्या माजघरात मिळाले. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजली की रात्री जागरण, आणि जागरणाला खेळ. बाहेर पावसाची धार लागलेली, अंगणात पाऊल ठेवण्याची सोय नाही, आणि आत, जेमतेम आठ-दहा पाट मांडता येतील अशा माजघरात, पंधरा-वीस जणी पहाटेपर्यंत खेळत. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे, लाट्या. या खेळांना मोकळे मैदान लागत नाही, कारण मैदान नव्हतेच म्हणून ते निर्माण झाले. ज्या ऋतूत बाहेर जाता येत नाही त्या ऋतूत घरातल्या घरात सर्वांगाला घाम यावा, आणि तोही एकटीने कुठे कोपऱ्यात नाही, दुसरीच्या हाताला धरून, अशी रचना आमच्या पणज्यांनी करून ठेवली आहे. आणि हे खेळ बायकांचे, त्यांचा बालशिक्षणाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने इतकेच ध्यानात घ्यावे, की १९२९ चा शारदा कायदा होण्यापूर्वी मंगळागौर पुजणारी नवविवाहिता पुष्कळदा आठ-दहा वर्षांची असे. सासुरवाशीण म्हणून दिवसभर मान खाली घालून वावरणाऱ्या त्या पोरींना वर्षातून एका महिन्यातल्या काही रात्री मनसोक्त नाचण्या-बागडण्याची मुभा या व्रताने मिळवून दिली होती. मंगळागौरीचे खेळ हे मूळचे मुलांचेच खेळ आहेत, असे माझे ठाम मत आहे. काळाच्या ओघात मुली मोठ्या झाल्यावर लग्ने होऊ लागली आणि खेळ त्यांच्याबरोबर वयाने मोठे झाले.

फुगडीकडे एकदा नीट पाहावे. चवड्यांना चवडे भिडवून दोघे समोरासमोर उभे राहतात, हातांची अढी घालून एकमेकांची मनगटे पकडतात आणि मागे कलतात. त्या क्षणी दोघांपैकी कोणीही एकटे उभे राहू शकत नाही; याचे वजन त्याने पेललेले असते आणि त्याचे याने. एकाने हात सोडला तर दोघे पडतात. सहकार्य म्हणजे काय ते पाच वर्षांच्या मुलाला शब्दांनी सांगू गेल्यास दहा पाने खर्ची पडतील आणि त्याला काही उमगणार नाही. फुगडीत ते त्याच्या खांद्यांना आणि पोटऱ्यांना कळते. जागा लागते चार फूट चौरस. तीन वर्षांच्या मुलांना गिरकी घ्यायला लावू नये, त्यांनी नुसते मनगटे धरून होडीसारखे पुढेमागे झुलावे. चार वर्षांच्यांना उकिडवे बसून एकेक पाय पुढे टाकणारी बसफुगडी जमते. आणि पाच-सहाच्या मुलांना उभी फुगडी. मुलगे आणि मुली दोघांनीही खेळावी. आमच्या एका वाडीवर बापांनी यास प्रथम हरकत घेतली, ‘पोरग्यांना फुगड्या कसल्या शिकवता’ म्हणून. सेविकेने त्यांना एका सकाळी बोलावून आत बसवले, आणि पुढच्या खेपेस हरकत आली नाही.

खेळांविषयी आणखी एक सांगायचे आहे, आणि माझ्या लेखी या पत्रातले ते सर्वांत महत्त्वाचे. अंगणवाडीत खेळ घ्या असे म्हटले की बहुतेक ठिकाणी संगीत खुर्ची, नाहीतर मामाचे पत्र हरवले. दोन्ही खेळ गोड आहेत आणि मोठ्या मुलांसाठी मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण मामाच्या पत्रात एका वेळी दोन मुले धावतात आणि बाकीची वीस बसून राहतात. आणि संगीत खुर्चीत जे मूल बुजरे, जे हळू, जे काल आजारातून उठलेले, तेच सर्वांत आधी बाद होऊन भिंतीशी जाऊन बसते. ज्याला हालचालीची निकड सर्वांत जास्त त्यालाच हा खेळ सर्वांत आधी बसवतो, आणि जे आधीच चपळ आहे त्याला शेवटपर्यंत पळवतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या खेळात ‘बाद’ हा शब्दच असू नये, असे मी माझ्या बीटमधल्या प्रत्येक सेविकेला सांगत असे.

यावर तोडगा काढला तो माझ्या बीटमधल्याच एका सेविकेने. तिने खुर्च्यांऐवजी गोणपाटाचे दहा तुकडे जमिनीवर पसरले आणि मुलांना सांगितले की जमीन म्हणजे खाडी आणि गोणपाट म्हणजे होड्या. थाळी वाजत असेपर्यंत खाडीत पोहायचे, हात मारत खोलीभर फिरायचे; थाळी थांबली की होडीत चढायचे. दर खेपेस ती एक होडी काढून घेई, पण मूल एकही काढत नसे. आठ होड्यांवर बावीस मुले, मग पाचांवर, मग तीनांवर. शेवटी दोन तुकड्यांवर बावीस मुले एकमेकांच्या कमरेला मिठी मारून, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर, धाकट्याला मध्ये घेऊन उभी राहत, आणि ज्याला चढायला जागा मिळाली नाही त्याला बाकीची ओढून घेत, कारण कोणी खाडीत राहिले तर सगळेच हरले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली सहकारी खेळांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात संगीत खुर्चीला असाच पालट दिलेला आहे, हे मला फार पुढे वाचायला मिळाले. आमच्या सेविकेने ते पुस्तक पाहिलेले नव्हते. सातवी पास झालेली ती बाई, बुजऱ्या मुलांकडे लक्ष ठेवता ठेवता तिथे येऊन पोहोचली होती.

असाच दुसरा खेळ दोरीच्या एस.टी.चा. पंधरा हात सुती दोरीची दोन टोके गाठ मारून जोडायची, मुलांनी आत उभे राहून दोरी दोन्ही हातांनी कमरेशी धरायची, पुढचा ड्रायव्हर आणि मागचा कंडक्टर. डबल बेल झाली की गाडी निघते, एक बेल झाली की थांबते. कशेडीचा घाट लागला की गुडघे छातीपर्यंत उचलत चढायचे, उतारावर वाकून हळूहळू, खड्डा आला की सगळ्यांनी एकदम उडी. पहिल्या दिवशी ड्रायव्हर बेफाम सुटतो, मागची मुले फरफटतात आणि दोरी पुढच्याच्या पोटाला करकचते. दोन-तीन दिवसांत तो आपण होऊन मागे वळून बघू लागतो. हे मागे वळून बघणे मी किती वेळा पाहिले असेल, आणि दर वेळी मला वाटे की आजचे बीट-भेटीचे काम येथेच झाले. सोलापुरी चादरीच्या कडा धरून तिच्यावर चिंध्यांचा चेंडू झेलत ठेवण्याचा खेळही असाच आहे. त्यात तर भिंतीशी बसलेल्या मुलाच्या हातात चादरीचे एक टोक दिले की ते उठल्यावाचून राहत नाही.

जवळून पाहिलेला एक प्रसंग सांगते. मुसळधार पडत होते, आणि सेविका मुलांना प्राण्यांच्या चाली करायला लावीत होती : बेडकाच्या उड्या, सरड्याचे सरपटणे, हत्तीचे डुलणे. त्या वर्षी आषाढात वाडीवर परतलेला एक कातकरी मुलगा, वय असेल साडेचार, दाराजवळच्या बस्करावर एकटा बसे. बाकीची मुले त्याच्या शेजारी बसत नसत. का, ते आपणांस सांगायला नको. त्यानेही कधी कोणत्या खेळात भाग घेतला नव्हता. सेविकेने ‘आता कुर्ली’, म्हणजे खेकडा, असे म्हटले, आणि पोट खाली घालून हातापायांवर आडवी चालू लागली. तो मुलगा जागेवरूनच मोठ्याने म्हणाला, ‘तशी नाय.’ अंगणवाडीत आम्ही ऐकलेले त्याचे हे पहिले शब्द. सेविका थांबली आणि म्हणाली, ‘मग कशी, दाखव.’ तो उठला, पाठ जमिनीकडे आणि पोट वर करून हात मागे टेकले, अंग उचलले, सर्रकन् तिरका गेला, मध्येच थबकला, एक हात वर करून नांगी उघडली-मिटली, आणि पुन्हा उलट्या दिशेला सर्रकन् गेला. पहिल्या पावसात रात्री बापाबरोबर पेंढ्याची चूड घेऊन कुर्ल्या पकडायला जाणाऱ्या मुलाला कुर्लीची चाल आम्हां दोघींपेक्षा किती तरी चांगली माहीत होती. पाहता पाहता खोलीतली सगळी मुले पाठीवर आडवी होऊन त्याच्यामागून तिरकी धावू लागली. कोणाला अंग उचलणे जमेना तेव्हा तोच त्यांच्या पाठीखाली हात घालून आधार देत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बस्कराच्या दोन्ही बाजूंना मुले बसली होती. त्या बदलाची नोंद करायला माझ्या भेटवहीत रकाना नव्हता, म्हणून मी ती समासात केली.

अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून लिहिले, की मूल आधी एकटे खेळते, नुसते पाहत राहते, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून पण आपापले खेळते, आणि वय वाढत जाते तसे ते एका हेतूने मिळून खेळू लागते. अंगणवाडीतली तीन ते सहा ही वर्षे म्हणजे नेमका हा पल्ला. म्हणून तीन वर्षांच्या मुलाकडून संघ, पाळी, गुण यांची अपेक्षा करू नये. त्याला एकच नियम पुरतो, थाळी थांबली की होडीत. पाच वर्षांच्याला दोन-तीन नियम सांभाळता येतात, आणि आपण धाकट्याला सांभाळून घेतले याचा अभिमानही वाटू लागतो. वयोगट निरनिराळे आहेत म्हणून खेळ घेता येत नाही असे सेविका म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगे, की वयोगट निरनिराळे आहेत म्हणूनच हे खेळ साधतात.

आता एक कटू आठवण. एका पावसाळ्यात तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या बीटमधील एका अंगणवाडीच्या भेटवहीत ‘मुले बेशिस्त आढळली, गोंगाट फार, सेविकेस समज द्यावी’ असा शेरा लिहिला. त्या वेळी तेथे होड्यांचा खेळ चालू होता. समज देण्याचे काम नियमाप्रमाणे माझ्याकडे आले, आणि मी ते केले, याची खंत मला अद्याप आहे. त्या सेविकेने नंतर दसऱ्यापर्यंत गोणपाट बाहेर काढले नाही. बावीस मुले एकदम हसली तर गोंगाट होणारच, पत्र्याच्या छपराखाली तर जास्तच होणार. मुलांच्या अंगणवाडीत शिस्त म्हणजे शांतता असे जोवर तपासणीस येणाऱ्याच्या मनात आहे, तोवर सेविकेला दिलेले कोणतेही प्रशिक्षण व्यर्थ आहे.

खबरदारीच्या बाबींची मला जाणीव आहे. खेळ खिचडीच्या आधी घ्यावा. भरल्या पोटी उड्या मारायला लावू नये, आणि माझा अनुभव असा की खेळून दमलेले मूल पानातली खिचडी टाकत नाही, पुन्हा मागते. आपल्या खात्याची सगळी धडपड ज्या वजनासाठी चालते त्या वजनाच्या दृष्टीनेही ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेगडी आणि पातेले यांच्यापुढे मदतनिसाने स्वतः उभे राहावे. कपाटाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधाव्यात, वजनकाट्याचा आकडा वर अडकवून ठेवावा. मुले अनवाणी असावीत. आणि नव्या इमारतींत ज्या गुळगुळीत चकचकीत लाद्या बसवतात त्या कृपा करून बसवू नयेत. पावसाळी हवेत त्यांना ओल सुटते आणि मुले सटासट घसरतात. सारवलेल्या जमिनीवर किंवा कोब्यावर गोणपाट जागचे हलत नाही, लादीवर ते मुलासकट सरकते. अशा ठिकाणी आमच्या सेविका होड्यांऐवजी खडूने वर्तुळे काढीत.

तरी माझी आपणांस विनंती अशी. जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरते अंगणवाडीच्या रोजच्या कामकाजात पाऊण तास मुलांच्या एकत्र, अंगमेहनतीच्या खेळाला हुकमाने राखून ठेवावा, आणि त्यासाठी सेविकेकडे नवी नोंदवही किंवा फोटो मागू नये. तपासणीस येणाऱ्याने तो पाऊण तास बसून पाहावा, एवढे पुरे. सादिलवार खर्चात दर अंगणवाडीस एक दुपदरी चादर, पंधरा हात सुती दोरी आणि एक थाळी यांची तरतूद करावी. रिकाम्या गोणींचा हिशेब आमच्या तालुक्यात काटेकोरपणे मागितला जाई. डझनभर गोणपाट खेळासाठी खर्ची टाकण्याची मंजुरी सेविकेला द्यावी. प्रशिक्षण वर्गात खुर्च्या काढून टाकाव्यात आणि सेविकांना, मुख्यसेविकांना, प्रकल्प अधिकाऱ्यांनाही जमिनीवर उतरून हे खेळ स्वतः खेळायला लावावेत. ज्या बाईने होडीत जागा न मिळाल्यावर दुसरीने ओढून घेतल्याचा अनुभव स्वतः घेतला आहे, तिला या खेळाचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि मंगळागौरीचे खेळ जाणणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या प्रत्येक गावात अजून आहेत. त्यांना श्रावणात एक दिवस अंगणवाडीत मानाने बोलावण्याची प्रथा खात्याने घालून द्यावी. त्यांच्यापैकी पुष्कळजणी फार दिवस राहणार नाहीत.

मुलाच्या खेळण्याच्या हक्काला १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने मान्यता दिली आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ पासून ११ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले आहे. आमच्याकडे ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो, म्हणजे त्या दिवशी अंगण पाण्याखाली जाऊन तीन-चार दिवस झालेले असतात. आपला हुकूम मेअखेरपर्यंत तालुक्याच्या कचेरीत पोहोचला, तर मुले दारात येण्यापूर्वी गोणपाट झटकून, धुऊन, वाळवून ठेवायला सेविकेला कोरडा आठवडा मिळेल.



आपली नम्र,
एक सेवानिवृत्त मुख्यसेविका,
रत्नागिरी जिल्हा